सुरीचं बारसं: नाव, आडनाव आणि टोपणनाव



"सर, प्रॉडक्ट तयार आहे. फक्त नाव सुचत नाहीये."

हे वाक्य मला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतं. त्यातल्या "फक्त" या शब्दाची मला काळजी वाटते. कारण पुढे काय होतं ते मी बघितलंय. चार मित्र चहाला बसतात, मोबाईलवर इंग्रजी शब्द शोधतात, सगळ्यांना आवडेल असं एक भारी नाव निघतं, दुसऱ्या दिवशी हजार बॉक्स छापायला जातात. मग सहा महिन्यांनी एक तर दुकानदाराला ते नाव आठवत नाही, नाहीतर वकिलाची नोटीस येते. दोन्हीत बॉक्स रद्दीत जातात.

आज एका सुरीच्या निमित्ताने या विषयावर माझं मत मांडतो. तुमचं प्रॉडक्ट मसाला असो, पिशवी असो किंवा पेंड असो, मुद्दा तोच आहे.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी

मध्यंतरी एका शिबिरात जेवणाच्या सुट्टीत एक तरुण माझ्याकडे आला. पंचविशीतला. घरात पिढ्यानपिढ्या लोहारकाम. वडील गाडीच्या कमानपाट्यापासून कोयते, खुरपी, विळे करतात आणि आठवडी बाजारात विकतात. पोराने आयटीआय केलेलं. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली.

सुरी होती, पण नेहमीची नव्हती. पातं विळीसारखं पोटाला फुगलेलं. मूठ थोडी वर उचललेली, म्हणजे ओट्यावर मेथी चिरताना बोटं फळीला घासणार नाहीत. पुढेमागे डोलवली की पालेभाजी झरझर बारीक होते. तो म्हणाला, "आईला गुडघ्यामुळे खाली बसून विळीवर चिरता येत नाही. आणि साध्या सुरीने तिला जमत नाही, हाताला विळीची सवय. म्हणून हे केलं."

मंडळी, एका वाक्यात त्याने ग्राहक सांगितला, अडचण सांगितली आणि उपाय सांगितला. मी शिबिरात दोन तास जे शिकवत होतो ते या मुलाने न शिकता केलं होतं.

मग त्याने नावांची यादी काढली. चौतीस नावं. शार्प किंग. शेफ मास्टर प्रो. रॉयल कट. सुपर स्लाइसर. झटपट. धारदार. शेवटी शेवटी कट्यार आणि वाघनखसुद्धा.

"यातलं कुठलं घेऊ, सर?"

मी म्हटलं, "एकही नको."

त्याचा चेहरा पडला. तुम्हालाही वाटेल की हा माणूस उगाच नाट लावतोय. पण कारण ऐका.

आधी बघू, जगातल्या सुऱ्यांना नावं कशी मिळाली

जपानमध्ये "सांतोकू" नावाची सुरी आहे. आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळते. सांतोकू म्हणजे तीन गुण. मांस, मासे आणि भाजी, तिन्ही कापते म्हणून तीन गुण, असा त्याचा अर्थ सहसा सांगतात. काय सुंदर नाव! काम सांगतं, तोंडात बसतं. पण हे नाव कुणाचं आहे? कुणाचंच नाही. आज जगातली कुठलीही कंपनी त्या आकाराची सुरी बनवते आणि त्यावर सांतोकू लिहिते. नाव गाजलं, पण त्याचा एकटा मालक कुणी नाही.

फ्रान्समध्ये लायोल नावाचं छोटं गाव आहे. तिथली घडीची सुरी प्रसिद्ध झाली आणि लोक त्या सुरीलाच लायोल म्हणू लागले. मग तोच आकार दुसऱ्या गावांत, दुसऱ्या देशांत बनू लागला आणि त्यावरही लायोलच लिहिलं जाऊ लागलं. 1993 मध्ये गावाशी संबंध नसलेल्या एका उद्योजकाने ते नाव वेगवेगळ्या वस्तूंसाठी नोंदवून घेतलं. गाव पुढे अनेक वर्षं स्वतःच्याच नावासाठी कोर्टात भांडत राहिलं. उलट जर्मनीतल्या झोलिंगन या सुऱ्यांच्या शहराने वेळीच पावलं उचलली. तिथे 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे, त्या भागात न बनलेल्या सुरीवर झोलिंगन लिहिता येत नाही.

आता तिसरी गोष्ट. फ्रान्समधल्याच आल्प्सच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या अवजारं बनवणाऱ्या घरातल्या तरुणाने 1890 मध्ये एक साधी लाकडी मुठीची घडीची सुरी केली. नाव काय ठेवलं? स्वतःचं आडनाव. आणि वेगवेगळ्या मापांना? नंबर. 1 ते 12. आजही गिऱ्हाईक "ओपिनेल आठ नंबर" असंच मागतं. पात्यावर 1909 पासून एक ठसा आहे, मुकुट असलेला हात. एवढंच. सव्वाशे वर्षांहून जास्त चाललंय.

आणि चौथी. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठी अनेक पात्यांची सुरी केली. 1909 मध्ये त्याची आई वारली, तिचं नाव व्हिक्टोरिया, ते त्याने कंपनीला दिलं. 1921 मध्ये न गंजणाऱ्या पोलादासाठी वापरतात तो "इनॉक्स" शब्द त्याला जोडला, झालं व्हिक्टोरिनॉक्स. पण त्या सुरीचं मूळ जर्मन नाव दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना उच्चारता येईना. ते आपलं "स्विस आर्मी नाइफ" म्हणू लागले. जगाने तेच उचललं.

या चार गोष्टींत सगळा धडा आहे.

माझं मत: वस्तूला तीन नावं असतात

आपल्याकडे माणसाला कशी असतात तशीच. एक नाव, एक आडनाव, एक टोपणनाव.

नाव म्हणजे वस्तू काय काम करते ते सांगणारा साधा शब्द. सांतोकू, विळी, खोवणी, सोलणी. हे गिऱ्हाइकाला समजण्यासाठी. ते सगळ्यांचं असतं. त्यावर हक्क सांगायला जाऊ नका.

आडनाव म्हणजे तुमचा ब्रँड. ओपिनेल, व्हिक्टोरिनॉक्स. ही सुरी कुणाच्या घरातली, ते सांगणारा शब्द. हा एकट्या तुमचा हवा, आणि नोंदवता येईल असाच हवा.

टोपणनाव म्हणजे लोक प्रेमाने, सोयीने, कधी चुकून जे म्हणतात ते. स्विस आर्मी नाइफ. हे तुम्हाला ठेवता येत नाही. फक्त कान उघडे ठेवून ऐकता येतं.

नवीन उद्योजकाची चूक अशी की तो या तिन्हींचं काम एकाच शब्दाकडून करून घ्यायला जातो. नावाने कामही सांगावं, एकट्याचंही असावं आणि लोकांच्या तोंडीही बसावं. अशी नावं कधीतरी निघतात, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा हाताला लागतं ते "सुपर स्लाइसर". ते धड कामही सांगत नाही (काय स्लाइस? पाव की भेंडी?), आणि एकट्याचंही होत नाही.

एकट्याचं का होत नाही? इथे कायदा थोडा समजून घ्या.

कायद्याचं गणित, साध्या भाषेत

आपल्याकडे ट्रेडमार्कचा कायदा 1999 चा आहे. त्याचं कलम 9 म्हणतं की जो शब्द मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा ठिकाण एवढंच सांगतो, तो सहसा कुणा एकाच्या नावावर करता येत नाही. "धारदार" हा सुरीचा गुण आहे. उद्या तुम्हाला तो दिला तर बाकीच्या सुरीवाल्यांनी आपल्या सुरीला काय म्हणायचं? बोथट? म्हणून देत नाहीत. आणि हा नियम मराठी शब्दालाही लागतो. इंग्रजी "शार्प" अडकतं म्हणून मराठी "धारदार" सुटेल, असं समजू नका.

गावाच्या नावाचंही तेच. आपल्या कोल्हापुरी चपलेचं बघा. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांच्या कारागिरांचं सामायिक आहे, एका दुकानाचं नाही. गावाचं नाव ही सगळ्या गावाची मालमत्ता. त्यावर एकट्याचा ब्रँड बांधू नका.

आडनाव लावायचं तर? जरूर लावा, ओपिनेलने लावलं. पण आडनाव तालुक्यात दोनशे घरांचं असेल तर एक लक्षात ठेवा. त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःचं नाव धंद्याला वापरत असेल, तर कलम 35 प्रमाणे तुम्ही त्याला अडवू शकत नाही.

आता कट्यार, वाघनख, खंजीर या नावांबद्दल. आपल्या लोकांना ही नावं फार आवडतात. पण थांबा. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या हत्यारांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, औद्योगिक कामासाठी बनवलेल्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे तुमची सुरी "घरगुती" आहे हा तुमचा मोठा आधार आहे. आणि तुम्ही स्वतःच बॉक्सवर मोठ्या अक्षरात "खंजीर" लिहिता! कशाला? शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही बघा. "रामपुरी" म्हटलं की उत्तर प्रदेशातलं रामपूर शहर डोळ्यासमोर येत नाही, हिंदी सिनेमातला गुंड येतो. मेथी चिरणाऱ्या आईच्या हातात तुम्हाला तो द्यायचाय का?

आणि एक महत्त्वाचं. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला 1950 च्या बोधचिन्हे आणि नावे यांच्या कायद्याने मनाई आहे, सरकारच्या परवानगीशिवाय. कितीही भक्तिभावाने ठेवा, नाही चालत. देवादिकांच्या नावांतही जपून. तुमचा बॉक्स शेवटी कचऱ्यात जाणार आहे, त्यावर कुणाची प्रतिमा असावी याचा विचार करा.

मग नावं काढायची कशी?

ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द आपण सगळे वापरतो. तो लोकप्रिय केला अॅलेक्स ऑसबर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने. त्याचे नियम सोपे होते. भरपूर कल्पना काढा, आधी टीका करू नका, वेड्यावाकड्या कल्पनांनाही येऊ द्या, एकमेकांच्या कल्पना जोडा. नियम चांगलेच आहेत. पण आपल्याकडे एक गोष्ट विसरतात. बसायचं कुणाबरोबर?

मित्रांबरोबर नको. मित्र तुम्हाला खूश करतात. त्यांना सुरी विकत घ्यायची नाहीये.

या चार जणांना बोलवा, किंवा त्यांच्याकडे जा:

1. जी बाई ही सुरी रोज वापरणार आहे ती.
2. भांड्याच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस. मालक नव्हे, जो माल काढून दाखवतो तो.
3. धार लावणारा. रोज वेगवेगळ्या घरांतल्या सुऱ्या त्याच्या हातातून जातात.
4. एक जण, ज्याला तुमच्या धंद्याचं काहीही माहीत नाही.

त्यांना "नाव सुचवा" असं म्हणू नका. नाव सुचवायला सांगितलं की माणूस कवी होतो. वस्तू हातात द्या, वापरू द्या आणि गप्प बसा. मग विचारा, "शेजारणीला सांगायचं झालं तर काय सांगाल?" जे शब्द पडतील ते तसेच लिहा. त्यांचं व्याकरण सुधारू नका.

आपली भाषा इथे फार श्रीमंत आहे. एका विळीला मालवणीत आडाळो म्हणतात, गोव्यात आदोळी, विदर्भात पावशी. ज्या भागात विकणार तिथला शब्द कोणता, हे तुम्हाला कुठली एजन्सी सांगणार नाही. ती बाई सांगेल.

पाच चाचण्या

यादीतून पाच-सहा नावं निवडलीत की प्रत्येकाला या चाळणीतून काढा.

दुकानाची चाचणी. बाजाराच्या दिवशी गर्दीत उभं राहून नाव एकदाच म्हणा. समोरच्याला पुन्हा "काय?" विचारावं लागलं तर नापास.

फोनची चाचणी. फोनवर नाव सांगा आणि समोरच्याला इंग्रजीत टाइप करून पाठवायला सांगा. पाच जणांनी पाच स्पेलिंगं केली तर ऑनलाइन शोधताना गिऱ्हाईक हरवणार. आपला "ळ" राज्याबाहेर गेला की "ल" होतो हेही बघा.

तो, ती की ते? ही चाचणी मराठीत फार कामाची आहे आणि कुणी करत नाही. आपल्याकडे वस्तूला लिंग असतं. ती सुरी, तो चाकू, ते पातं. तुमचं नाव घेऊन बाईला वाक्य करायला सांगा, "जरा ती अमुकतमुक दे गं." ती अडखळली, तो म्हणू की ती, असं तिला वाटलं, तर ते नाव घरात शिरलेलं नाही. ते बॉक्सवरच राहील.

ठशाची चाचणी. बॉक्स आठ दिवसांत फेकला जातो. नाव राहतं ते पात्यावर. पात्यावर जागा किती? दीड-दोन सेंटिमीटर. तेवढ्यात जोडाक्षरं, वेलांट्या, रफार कोरून बघा. कागदावर सुंदर दिसणारं नाव लोखंडावर काळा डाग होतं. धारवाल्याकडे दहा वेळा जाऊन आल्यावरही ते वाचता आलं पाहिजे.

दुसऱ्या अर्थाची चाचणी. "सुरा" म्हणजे मोठी सुरी, आणि सुरा म्हणजे दारूसुद्धा. हिंदी, गुजराती, कन्नड बोलणाऱ्या एकेकाला विचारा. पाच मिनिटांचं काम, पण नंतरची फजिती वाचते.

यातून जे उरेल ते मग आयपी इंडियाच्या वेबसाइटवर शोधा. सुऱ्या आणि हाताची अवजारं ट्रेडमार्कच्या वर्ग 8 मध्ये येतात. तिथे शब्द जसाच्या तसाही शोधा आणि उच्चाराने मिळताजुळताही शोधा. "शार्पेक्स" आधीच असेल तर तुमचं "शार्पॅक्स" चालेल या भ्रमात राहू नका. एकट्या व्यक्तीच्या नावाने किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर शुल्क दर वर्गाला 4,500 रुपये आहे, मोठ्यांना 9,000. अर्ज मान्य होऊन जर्नलमध्ये छापून आला की पुढचे चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण करत राहायचं. अर्ज केल्यावर टीएम लिहा, पण नोंदणी हातात येईपर्यंत वर्तुळातला आर लावू नका.

परत त्या पोराकडे

मी त्याला विचारलं, "वडिलांच्या कोयत्यावर काही खूण असते का?"

म्हणाला, "असते ना. मुठीजवळ दोन ठिपके. ठोकलेले."

"आणि बाजारात लोक काय मागतात?"

तो थोडा थांबला. "दोन ठिपक्यांचा कोयता द्या म्हणतात. ऊसतोडीवाले तर ठिपके बघूनच घेतात. पण सर, ते गावठी आहे. ओट्यावरच्या सुरीला ते कसं चालेल? म्हणून तर मी या सुरीवर ते घेतलेच नाहीत."

मंडळी, इथे मी जरा चिडलो, आणि ते लपवलं नाही. वडिलांनी आयुष्यभर भट्टीसमोर बसून जी ओळख कमावली, ती पोराने पॉलिश मारताना घासून काढली होती. आणि तिच्या जागी "शेफ मास्टर प्रो" शोधत चौतीस नावांची यादी घेऊन फिरत होता. त्याला मी ओपिनेलच्या मुकुटवाल्या हाताची गोष्ट सांगितली. म्हटलं, त्यांच्या पात्यावरचा हात भारी आणि तुझ्या बापाच्या पात्यावरचे ठिपके गावठी, हे कुणी ठरवलं?

"दोन ठिपके" या शब्दांत बघा काय आहे. सुरीचा गुण नाही, उपयोग नाही, गाव नाही. म्हणजे कलम 9 ची ती अडचण सहसा येऊ नये. गिऱ्हाइकाच्या तोंडात आधीपासून आहे. आणि पात्यावर कोरायला अक्षरंही लागत नाहीत! हे त्याचं आडनाव.

नाव कुठून आलं? त्याने सहा सुऱ्या गावातल्या सहा बायकांना वापरायला दिल्या होत्या. पंधरा दिवसांनी परत मागायला गेला तर एक मावशी म्हणाली, "ती उभी विळी व्हय? ती नाय मिळायची आता. पैसे घे."

उभी विळी. उभं राहून चिरायची विळी. चौतीस नावांत हे नव्हतं, कारण यादी करताना तो मावशींचं ऐकत नव्हता, मोबाईलमध्ये बघत होता. हे नाव उद्या कुणीही वापरेल, वापरू दे. जितके जास्त लोक "उभी विळी" म्हणतील तितकी त्या वस्तूची सवय होईल. आणि त्यात दोन ठिपक्यांची कुठली, ते लोक बघून घेतील, जसं कोयत्याचं बघतात.

आता यात काहीच अडचण नाही असं मी म्हणणार नाही. "ठ" इंग्रजीत लिहायचा कसा हा प्रश्न आहेच, आणि फोनच्या चाचणीत पाचांपैकी दोघांनी चुकीचं लिहिलं. नुसते दोन ठिपके हे चिन्ह फार साधं, म्हणून शब्द आणि चिन्ह दोन्हींचा विचार करून अर्ज करावा लागेल. आणि उद्या बंगळुरूच्या मॉलमध्ये माल ठेवायचा झाला तर हे नाव तिथे लगेच कळणार नाही, हेही खरं. पण त्याचं गिऱ्हाईक आज चार तालुक्यांत आहे. ज्या दुकानात तुम्ही अजून पोहोचलाच नाहीत, तिथल्या गिऱ्हाइकासाठी आज दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला अनोळखी होऊ नका.

पुढच्या वेळी तो वडिलांना घेऊन आला. मी त्यांना विचारलं, "अप्पा, दोनच ठिपके का ठेवले?"

ते हसले. "ठेवले कुठं? ठशाला तीन होते. एक तुटला. नवा ठसा करायला पैसे नव्हते, तसाच मारत गेलो. मग लोक दोनाचाच मागायला लागले."

पोरगा खाली बघत होता. त्याला ही गोष्ट माहीत नव्हती.

जाता जाता एक धोक्याची सूचना

हे वाचून तुमच्यातले काही जण उत्साहाने आपल्या नव्या वस्तूचा फोटो ग्रुपवर टाकतील आणि लिहितील, "नाव सुचवा!" कृपा करून असं करू नका.

वस्तूचा आकार, तिचं दिसणं नवीन असेल तर 2000 च्या डिझाइन कायद्याखाली त्याची नोंदणी होते. संरक्षण 10 वर्षं, पुढे आणखी 5 वर्षं वाढवता येतं. एकट्या व्यक्तीसाठी अर्जाचं शुल्क 1,000 रुपये आहे. पण अट अशी की अर्जाआधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. एक फोटो, एक रील, आणि तुमचा नवेपणा तुम्हीच घालवलात. लक्षात ठेवा, हे संरक्षण फक्त दिसण्याला मिळतं, वस्तू कशी काम करते त्याला नाही. त्यासाठी पेटंटचा रस्ता वेगळा. आपलं कुठल्या खात्यात बसतं ते जाणकाराला दाखवून घ्या, आणि दाखवण्याआधी त्याच्याकडून गुप्ततेचा कागद सही करून घ्या. सहा सुऱ्या गावात वाटण्याआधी आमच्या या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आकाराच्या नोंदणीचं काय होतं ते आता जाणकार बघतोय. तुम्ही तरी क्रम चुकवू नका: आधी डिझाइनचा अर्ज, मग बायकांच्या हातात सुरी, मग नाव.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. तीन रकाने करा: नाव, आडनाव, टोपणनाव.

पहिल्या रकान्यात, वस्तू काय करते ते दोन शब्दांत लिहा. दहा वर्षांच्या मुलाला कळेल असं.

दुसऱ्यात, तुम्हाला, तुमच्या घराला, तुमच्या कामाला लोक आधीपासून कशाने ओळखतात ते लिहा. आईचं नाव असेल, दुकानासमोरचं झाड असेल, तुटलेला ठसा असेल. लाज वाटते म्हणून काही गाळू नका. ज्याची लाज वाटते तिथेच बऱ्याचदा ब्रँड दडलेला असतो.

तिसरा रकाना कोरा ठेवा. तो तुम्ही भरायचा नाही. तो गिऱ्हाईक भरेल.

कमेंटमध्ये तुमची नावं टाकू नका, वर सांगितलंय का ते. फक्त एवढं लिहा की दुसरा रकाना भरताना कुणाची आठवण झाली.

भेटू पुढच्या व्हिडिओत.